पील धरायचं की काढायचं

बऱ्हाणपूरच्या स्टेशनवर पाठीला बॅग लावलेली बाई बघायची कोणाला सवय नाही. त्यात मी. नवरा जाऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, गळा मोकळा, पायात शाळकरी पोरींचे असतात तसे बूट, आणि पाठीवर हे एवढं हिरवं ओझं. गल्लीतल्या एक काकू पोराला सोडायला आल्या होत्या. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "काय गं, संसार देखने निकली क्या?"

आमच्याकडे वाक्य मराठीत सुरू होतं आणि हिंदीत संपतं, त्याचं कोणाला काही वाटत नाही. काकूंना हिंदीतला संसार म्हणायचा होता, म्हणजे जग. मला मराठीतला ऐकू आला. मी म्हटलं, "तो बघून झाला, काकू." त्यांचा चेहरा पडला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तेच तर झालं होतं मला. काही वाटतच नव्हतं.

हे सकाळी अंघोळ करून आले, अर्धा चहा प्यायले, छातीत जड वाटतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. एवढंच आहे सांगण्यासारखं. घरात बायका जमल्या, मला मधे बसवलं, प्रत्येक जण कानाशी येऊन म्हणायची, रडून घे, मोकळी हो. मी बघत बसायचे. दहावं झालं, तेरावं झालं, रडू काही आलं नाही. एक जण दुसरीला म्हणाली, "बाई दगड झाली." मला वाटलं, बरोबर बोलतेय. मग वाटलं, हिच्या साडीचा काठ सुटलाय, सांगावं का.

आमचं घर बऱ्हाणपुरात आणि केळीची बाग जवळच निंबोल्याला. मूलबाळ नाही. घरात उरलो मी आणि सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे या माणसाने मला सून म्हणून कमी आणि घरातलं एक माणूस म्हणून जास्त वागवलं. शेत मात्र बापलेकांचं. मी जैनाबादची, तापीच्या पलीकडची, केळीच्याच घरात वाढलेली, म्हणून यांच्याबरोबर बागेत जायचे, मजुरांवर नजर ठेवायचे, हातात विळा पण घ्यायचे. गेल्या वर्षी जी बाग लावली ती यांनी एकेक रोप स्वतः उभं राहून लावून घेतली होती. ती निसवली, म्हणजे तिचे घड बाहेर पडले, ते बघायला हे नव्हते.

आता केळीचं असं असतं. झाड एकदाच घड देतं, मग ते कापायचं. पण त्याच्या बुडाशी कोंब फुटत असतात, त्यांना आम्ही पिलं म्हणतो. ती सारखी कापत राहावी लागतात, नाहीतर आईचं सगळं खाऊन टाकतात. घड बाहेर पडला की मात्र एक पील ठेवायचं, एकच, तलवारीसारख्या अरुंद पानाचं, दणकट. त्याला म्हणतात पील धरणे. पील धरलं की बाग पुढे चालते. बाग मोडायची असेल तर एकही ठेवायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सासरे ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "बेटा, पील धरायचं की काढायचं, ते सांगून ठेव. घाई नाही. पण आता वेळ आली त्याची."

त्यांनी एवढंच विचारलं. पण ते बागेचं विचारत नव्हते, हे मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना. पील धरलं तर बाग मी बघायची, म्हणजे मी या घरात राहायचं. काढलं तर जमीन बटाईने दुसऱ्याला कसायला जाईल आणि मी जैनाबादला भावाकडे. भावाने खोलीला रंग पण देऊन ठेवला होता. सासऱ्यांचे हात हल्ली थरथरतात, त्यांच्याने एकट्याने शेती होणार नाही. थांब असं ते मला कधी म्हणाले नाहीत. जा असंही नाही. मी म्हटलं, "येऊन सांगते."

आणि निघाले. मला न्यायचं डोकं नणंदेचं. ती इंदूरला बँकेत आहे, लग्न केलं नाही, दरवर्षी पाठीवर बॅग टाकून कुठल्यातरी देशात जाऊन येते. माझ्याहून लहान, पण हुकूम मोठ्या जावेचा. मला भाभी म्हणते. भाऊ गेला तेव्हा ती पोटभर रडली, तिचा आवाज बसला, आणि मग तिला भूक लागली. मला तिचा हेवा वाटला असता, वाटता आला असता तर.

"भाभी, तू इथे बसून बसून वाळशील. चल माझ्यासोबत. देवळं बघू, जुनी गावं बघू, समुद्रावर पडून राहू."

"वर्ष झालं नाही," मी म्हटलं. "देवाला जाता येत नाही."

"तिथल्या देवळांत पूजा होते कुठे? शेकडो वर्षं बंद आहे. पूजा नाही तर देऊळ नाही, इमारत आहे. इमारतीला सुतक लागतं का?"

सासरे हसले. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कोणी हसलं. म्हणाले, "वकील व्हायची होती ही. जा बेटा. तिकडच्या देवाला काय माहीत आपल्या घरचं."

तर मी इमारती बघितल्या. थायलंडमध्ये विटांची उंच उंच शिखरं, उन्हात करपलेली. कंबोडियात झाडांनी गिळलेल्या भिंती, एवढाल्या मुळ्या छपरावरून खाली उतरलेल्या. लोक फोटो काढत होते. एक गोरी बाई एका दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, देवळापेक्षा जास्त. म्हटलं, हिचं काय गेलं असेल? नणंद म्हणाली, काही गेलं नाही, तिला सुंदर वाटतंय. मला दगड दिसत होता आणि बुटात घाम येत होता. आमच्या गावात मकबऱ्याच्या सावलीत पोरं क्रिकेट खेळतात, किल्ल्याकडे कोणी मान वळवत नाही. पडक्या भिंती बघायला मला कोणी विमानात बसवेल असं वाटलं नव्हतं.

समुद्राचंही तेच. एका बेटावर गेलो, तिथलं पाणी खरंच हिरवं होतं, हे मान्य करते. नणंद पोहायला गेली. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून काठावर उभी राहिले. लाट यायची, पायाखालची वाळू काढून न्यायची. शेजारी लोक उघड्या अंगाने पालथे पडले होते, वाळत घातल्यासारखे. नणंद ओली होऊन आली, म्हणाली, "कसं वाटतंय?"

"ओलं," मी म्हटलं.

ती चिडली. तिने टॉवेल झटकला तो जरा जोरातच. तिचं काही चूक नव्हतं. स्वतःच्या सुट्ट्या घालवून ती मला फिरवत होती आणि मी पोत्यासारखी तिच्यामागे. रस्त्यावरच्या खाणावळीत ती तासभर समजावून सांगायची की मासे नको, अंडं नको, सगळ्यात घालतात ते मासळीचं पाणी पण नको. शेवटी पांढरा भात यायचा. मी बॅगेतून शेंगदाण्याची चटणी काढायचे. तिखट लागायचं, तेवढं कळायचं.

रोज संध्याकाळी सासऱ्यांचा फोन यायचा. जेवलात का, पाऊस आहे का, पोरगी दमवत तर नाही ना. बागेचं ते काढायचे नाहीत. मीही काढायचे नाही. भावाचा फोन यायचा तो वेगळा. तो म्हणायचा, "ताई, तू फक्त हो म्हण, मी येऊन सामान नेतो. तिथे काय राहिलंय आता तुझं?" मी म्हणायचे, बघू. फोन ठेवला की मी दोन्ही बाजू मनात मांडून बघायचे. जैनाबादची खोली, पंखा, भावाची मुलं. निंबोल्याची बाग, पाण्याची मोटर, सासऱ्यांची खोकल्याची उबळ. कुठलीच बाजू जड होत नव्हती. कुठे पण राहा म्हटलं असतं तर राहिले असते. त्या बेटावर ठेवून गेले असते तरी राहिले असते.

शेवटचा मुक्काम व्हिएतनाममधल्या एका जुन्या गावात होता. पिवळ्या भिंतींची घरं, दारादारात कागदी कंदील, मधून नदी. गावाबाहेर भातशेतीच्या कडेला एका म्हातारीच्या घरात आम्हाला खोली मिळाली. म्हातारी सासऱ्यांच्या वयाची, काटक, दिवसभर काहीतरी निवडत बसलेली. ती आमची भाषा जाणत नव्हती, आम्ही तिची. बोलायचं असलं की ती तिच्या फोनमध्ये बोलायची, फोन हिंदीत लिहून दाखवायचा.

त्या सकाळी नणंद शिंप्याकडे गेली. त्या गावात एका दिवसात कोट शिवून देतात म्हणे. मी मागच्या अंगणात आले. तिथे केळी होत्या.

केळी मी सगळ्या प्रवासात बघत होते. बसमधून, देवळांच्या मागे, सगळीकडे. पण लांबून. या अगदी समोर होत्या, आणि त्यांची अवस्था बघवत नव्हती. एकेका झाडाभोवती दहा-बारा पिलं, एकमेकांच्या अंगावर चढलेली, वाळकी पानं लोंबतायत, मधे कुठेतरी एक बिचारा घड, बोटभर केळ्यांचा. केळीचं नुसतं बेट झालेलं. मी म्हटलं, काय माणसं आहेत इथली, कोणी सांगितलं नाही का. भिंतीला विळा टेकवलेला होता.

मी ठरवून काही केलं नाही. ओढणी कमरेला बांधली आणि बसले. पील जमिनीलगत कापायचं असतं, तिरकं, एका दणक्यात, आणि मग मधला कोंब चेचून टाकायचा म्हणजे परत फुटत नाही. आधी वाळकी पानं काढली. मग एका बाजूने सुरू केलं. विळ्याला धार बरी होती. केळीचं पाणी हातावर उडत होतं, त्याचा डाग जात नाही, कुर्ता वाया गेला. मला भान नव्हतं. ऊन चढलं. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. अंगणात कापलेल्या पिलांचा ढीग पडला आणि बेटातून आरपार दिसायला लागलं. मी उभी राहिले, कंबर सरळ केली, आणि बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी बरं वाटलं.

मागे म्हातारी उभी होती.

ती ओरडली नाही. ढिगाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिने फोन तोंडाशी धरला, काहीतरी बोलली आणि मला दाखवला. त्यावर हिंदीत आलं होतं: "पेड के बच्चे क्यों काट दिए?"

मला तेव्हा कळलं की हे माझं शेत नाही. परक्या देशात, परक्या बाईच्या अंगणात येऊन मी तिची झाडं कापली होती, न विचारता, पाहुणी म्हणून आलेली असताना. लाजेने कान तापले. मी तिच्या फोनमध्ये बोलले, हिंदीत, शक्य तेवढं सावकाश. म्हटलं, आमच्याकडे असंच करतात, सगळी ठेवली तर आई वाळते, घड भरत नाही. माझी चूक झाली, मला विचारायला हवं होतं.

तिने वाचलं. मान हलवली, पण पटलं म्हणून नाही. पुन्हा बोलली. "इथे सगळे राहतात. आम्ही पोटचं, आतलं, खातो. पानं विकतो. घड लहान आला तरी चालतो." मग खाली बसून ढिगातली कोवळी पिलं वेगळी करायला लागली. मीही बसले. ती वरचा पापुद्रा सोलत गेली, आतून पांढरा गाभा निघाला, आणि ती तो पातळ चिरून पाण्यात टाकत गेली. तिने मला फळी आणि सुरी सरकवली. मी पण चिरायला लागले. आमच्या सात पिढ्यांत कोणी पील खाल्लं नसेल.

नणंद दुपारी परतली. कोट अंगात, खूश. तिला वाटलं मी स्वयंपाक शिकतेय. मी सांगितलं काय झालं ते. ती कपाळावर हात मारून बसली, म्हातारीची दहा वेळा माफी मागितली, आणि मग केळींकडे गेली. बँकेत असली तरी बागायतदाराची पोर. ती एका झाडापासून दुसऱ्याकडे गेली, वाकून बघत. परत आली तेव्हा चेहरा वेगळाच होता.

"भाभी," ती म्हणाली, "तू तर धरलंस."

"काय धरलं?"

"जाऊन बघ."

मी जाऊन बघितलं. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक पील उभं होतं. एकच. अरुंद पानाचं, दणकट, घडाच्या उलट्या बाजूला, जिथून आईला धक्का लागणार नाही. हे जसं धरायचे तसंच. एकही झाड चुकलं नव्हतं. मी कधी निवडलं, कधी सोडलं, मला आठवत नव्हतं.

मी नणंदेवर भडकले. म्हटलं, हाताची सवय आहे ती, त्यात काही अर्थ काढू नकोस, तुला सगळ्यात अर्थ दिसतो, देवळात दिसतो, समुद्रात दिसतो. म्हातारीने ताटं मांडली. चिरलेला गाभा, लिंबू, शेंगदाण्याचा कूट, कसली तरी पानं. माझ्यासाठी मासळीचं पाणी न घालता वेगळं काढलं होतं. मी खाल्लं. तुरट होतं, कुरकुरीत, नंतर जरा गोड. मी पुन्हा वाढून घेतलं. नणंद माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

हात धुतले आणि सासऱ्यांना फोन लावला. कधी नव्हे तो दुपारी. त्यांनी लगेच उचलला, घाबरून. "काय झालं बेटा?"

"काही नाही. कुठे आहात?"

"बागेत."

मागे मोटरचा आवाज येत होता. मी म्हटलं, "बाबा, पील धरा."

ते एकदा खोकले. मग म्हणाले, "कोणतं धरू?"

"कोणतं म्हणजे? तुम्ही मला विचारताय? तलवारीसारखं असेल ते. बाकीची तर कापलेलीच असतील ना."

"नाही कापली."

"म्हणजे?"

"एक पण नाही कापलं गं. तो गेल्यापासून. मजूर आले होते, मीच परत पाठवले. रोज विळा घेऊन येतो, बुडाशी बसतो, आणि उठून घरी येतो. हात चालत नाही."

मला आधी समजलंच नाही. मग डोळ्यांसमोर बाग आली. यांनी उभं राहून लावलेली बाग, आणि प्रत्येक बुडाशी दहा-दहा, बारा-बारा. महिने झाले. आणि मी घरात होते त्या सगळ्या महिन्यांत, एकदा निंबोल्याला जाऊन बघितलं नाही, आणि सासरे रोज संध्याकाळी घरी येऊन मला सांगत होते, बाग ठीक आहे.

माझा आवाज चढला. सासऱ्यांशी मी कधी मोठ्याने बोलले नव्हते, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी. म्हटलं, "बाबा, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? खाऊन टाकतील ती सगळं. घड भरतील का असे? हयात गेली तुमची केळीत, आणि तुम्ही बुडाशी बसून राहता? एवढी मेहनत केली त्या माणसाने, त्याचं असं करायचं? मला का नाही सांगितलं? मी काय मेले होते का?" मी बोलतच होते. म्हातारी तिच्या भांड्यांपाशी थांबून बघत होती. नणंद उठून उभी राहिली होती. मला थांबता येत नव्हतं. मला राग आला होता, सासऱ्यांचा, आणि त्यांच्यापेक्षा जास्त यांचा, अर्धा चहा ठेवून उठून गेले त्यांचा. खरा राग, पोटातून येतो तसा.

माझा दम संपला तेव्हा पलीकडून सासरे म्हणाले, "बोल बेटा. बोल अजून."

"काय बोलू?"

"तो पण असाच ओरडायचा माझ्यावर. बागेवरून. तो गेल्यापासून मला कोणी ओरडलंच नाही."

मग मी रडले. त्या म्हातारीच्या अंगणात, उकिडवी बसून, कानाला फोन लावून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. नणंद येऊन शेजारी बसली. सासऱ्यांनी फोन ठेवला नाही. मध्येच त्यांचं नाक ओढल्याचा आवाज आला, त्यावरून कळलं की तेही तेच करतायत. कितीतरी वेळ आम्ही तसेच होतो, ते निंबोल्याला, मी तिथे, आणि मोटर चालू.

शेवटी मी म्हटलं, "हात लावू नका कशाला. मी येऊन कापते."

"हां," ते म्हणाले. "ये. मी धार लावून ठेवतो."